खून झाला तेव्हा इंदूरमध्ये कोणती तारीख होती?

काकांचा खून झाला तेव्हा पुतण्या खजराना गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत उभा होता. १ जानेवारी, म्हणजे गर्दी विचारायलाच नको. पुढचे-मागचे चार लोक साक्ष द्यायला तयार आहेत, हारवाल्याला ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद फोनमध्ये आहे, मंदिराच्या कॅमेऱ्यात चेहरा स्पष्ट दिसतो. अ‍ॅलिबी भक्कम. पण काका त्या वेळी एका ताऱ्याकडे निघालेल्या यानात होते आणि ते यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने धावत होतं. यानातल्या कॅलेंडरवरही १ जानेवारीच होती. तरीही पुतण्याच्या या साऱ्या पुराव्याची किंमत शून्य आहे.

ही माझ्या भाचीची कथा. दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून तिने लिहायला घेतली आणि तिसऱ्या पानावर अडकली. "मामा, यानात १ जानेवारी असते तेव्हा इथे कोणती तारीख असते?" एवढंच तिने विचारलं. मी इंदूरमध्ये बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे, पण सापेक्षता सिद्धांताच्या गाभ्याला इतका नेमका हात घालणारा प्रश्न मला वर्गात क्वचितच ऐकायला मिळाला. ताऱ्यांमधल्या प्रवासावरच्या रहस्यकथा बहुतेक वेळा इथेच पळवाट काढतात. यान दूर असतं, वेळ मात्र सगळीकडे एकच चालते. माझं म्हणणं असं की पळवाटेची गरजच नाही. या प्रवासात 'केव्हा' हा प्रश्न कोसळतो, पण 'याला ते करणं शक्य होतं का' हा प्रश्न पृथ्वीवर असतो त्याहून पक्का होतो. गुप्तहेराला खरं तर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. सूर्याला सोडलं तर आपल्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, आणि त्यालाही तिथून इथे यायला ४.२४ वर्षं लागतात. प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या शेजारचा तेजस्वी अल्फा सेंटॉरी इंदूरहून दिसू शकतो. मेच्या अखेरीस रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो. सिमरोलच्या बाजूला मोकळा माळ आणि स्वच्छ हवा मिळाली तर बघा. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या वेगाने एवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. तेव्हा माणसाच्या आयुष्यात बसणारी कथा लिहायची तर यान प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या हिश्श्याने पळायला हवं. असं यान आज कोणाकडे नाही. पण ते पळालं तर काय होईल हे भौतिकशास्त्राला नेमकं ठाऊक आहे, आणि कथेला तेवढं पुरतं.

भाचीने ८० टक्के वेग निवडला तो सहज, पण आकडा फार सोयीचा निघाला. आता यानाच्या घड्याळाकडे बघू.

यानात जमिनीवर आणि छतावर एकेक आरसा आहे आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाचा एक किरण खालीवर उसळतो आहे असं धरा. एक उसळी म्हणजे घड्याळाचा एक ठोका. यानातल्या माणसाला किरण सरळ वर जाताना दिसतो. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला मात्र किरण वर जाईपर्यंत यान पुढे सरकलेलं दिसतं, म्हणजे किरण तिरका गेला. तिरकी वाट सरळ वाटेपेक्षा लांब. प्रकाशाचा वेग तर दोघांनाही सारखाच मोजता येतो. निसर्गाची ही अट आहे आणि ती आजवर कुठल्याही प्रयोगात मोडलेली नाही. वाट लांब आणि वेग तोच, म्हणजे पृथ्वीवरच्या माणसाच्या हिशेबाने ठोक्याला जास्त वेळ लागला. यानाचं घड्याळ मंद चाललं.

किती मंद, ते शाळेतल्या काटकोन त्रिकोणावरून कळतं. किरणाने तिरकी वाट ५ मापं कापली, तेवढ्या वेळात ८० टक्के वेगाचं यान ४ मापं पुढे गेलं. कर्ण ५, पाया ४, मग उभी बाजू ३. पृथ्वीवर ५ वर्षं जातात तेव्हा यानात ३. प्रॉक्झिमापर्यंतच्या प्रवासाला पृथ्वीच्या हिशेबाने ५.३ वर्षं लागतात आणि यानातल्या लोकांचं वय मात्र ३ वर्षं २ महिन्यांनीच वाढतं. घड्याळात काही बिघाड झालेला नसतो. माणसाचं हृदय, दाढीचे केस, डब्यातलं दही, सगळं त्याच गतीने चालतं.

हे वाचून पुष्कळांना वाटतं की हा कागदावरचा खेळ आहे. इंदूरकरांना तरी तसं वाटायला नको. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'कॅट', १९८४ पासून याच शहरात आहे. तिथल्या इंडस-२ या यंत्रात सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन गरगर फिरतात, सेकंदाला साधारण १७ लाख फेऱ्या. त्यांचा वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त सहा-एक मीटरने कमी असतो. सहा मीटर, म्हणजे आपण जोरात सायकल मारतो तेवढा. कथेतल्या यानासाठी ५ आणि ३ हा हिशेब होता. या इलेक्ट्रॉनांसाठी तोच हिशेब जवळजवळ ४,९०० ला १ असा होतो. ही गणितं चुकीची असती तर ते कडं चाललंच नसतं. चुंबक किती ताकदीचे हवेत, वळणावर इलेक्ट्रॉन कसला प्रकाश फेकतील, हे सगळं सापेक्षतेचं गणित घालूनच ठरवलेलं आहे, आणि तो प्रकाश ठरल्याप्रमाणे बाहेर पडतो. आणखी सांगायचं तर, हे वाचताना तुमच्या तळहातावरून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन कण आरपार जातो आहे. तो वातावरणात वर पंधरा-एक किलोमीटरवर जन्मतो आणि त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्यात त्याने साडेसहाशे मीटरसुद्धा जेमतेम कापले असते. तरी तो जमिनीपर्यंत येतो, कारण आपल्या हिशेबाने त्याचं घड्याळ मंद चालतं. अशा कणांच्या आयुष्यावरून सापेक्षतेची थेट परीक्षा घेता येईल, हे १९३८ मध्ये होमी भाभांनी लिहून ठेवलं होतं. पुढे १९७१ साली दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीला फेऱ्या मारल्या, आणि परतल्यावर घड्याळांत अब्जांश सेकंदांचा, पण अपेक्षित होता तसाच फरक पडलेला दिसला.

आता खटल्याकडे. हिशेब सोपा राहावा म्हणून मी भाचीला एक सवलत घ्यायला लावली: यान १ जानेवारीला पूर्ण वेगात पृथ्वीजवळून गेलं आणि त्या क्षणी दोन्हीकडची कॅलेंडरं जुळवली. (खरं यान शून्यापासून वेग घेईल. आत माणसाला पृथ्वीवरच्यासारखंच वजन जाणवेल इतक्या बेताने वेग वाढवला तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचायला यानाच्या घड्याळाने वर्षाहून थोडा जास्त काळ लागतो. त्याने आकडे बदलतात, युक्तिवाद बदलत नाही.) यानात बरोबर एक वर्ष झालं, पुन्हा १ जानेवारी आली, आणि त्या दिवशी काका आपल्या खोलीत मेलेले आढळले.

इंदूरमध्ये तेव्हा कोणती तारीख होती?

पृथ्वीवरच्या माणसाचा हिशेब असा: यानात १ वर्ष गेलं, म्हणजे आमची पाच-तृतीयांश वर्षं, २० महिने. खून दुसऱ्या वर्षाच्या १ सप्टेंबरला झाला. हुकूमचंद मिल आणि इतर मिलच्या नावाने निघणाऱ्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची तयारी सुरू असते ते दिवस. यानातल्या माणसाचा हिशेब वेगळा. त्याच्या दृष्टीने तो स्थिर आहे आणि पृथ्वी मागे पळते आहे, म्हणून पृथ्वीचं घड्याळ मंद. आमचं १ वर्ष झालं तेव्हा पृथ्वीवर ०.६ वर्षं झाली, म्हणजे पहिल्याच वर्षाचा ऑगस्ट, पहिला आठवडा नुकताच सरलेला. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. तेरा महिन्यांचं अंतर आहे आणि चूक कोणाचीच नाही.

भाची इथे चिडली. "दोघंही बरोबर कसे असतील? काहीतरी एक खरं असेलच ना!"

तिचं चिडणं रास्त होतं. 'एकाच वेळी' ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की ती सुटताना त्रास होतो. पण बघा. यानाच्या मधोमध दिवा लागला. यानातला माणूस म्हणेल, प्रकाश पुढच्या आणि मागच्या भिंतीवर एकदमच पोहोचला, दोन्ही भिंती सारख्याच लांब आहेत. बाहेरचा माणूस म्हणेल, मागची भिंत प्रकाशाला सामोरी आली आणि पुढची त्याच्यापासून पळत राहिली, म्हणून मागच्या भिंतीवर आधी पोहोचला. प्रकाशाचा वेग दोघांना सारखाच असेल तर यातून सुटका नाही. दूरदूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे पाहणारा कसा चालला आहे यावर ठरतं. यानाच्या आतल्या आत हा फरक नगण्य आहे: ३ किलोमीटर लांब यान धरलं तरी सेकंदाच्या आठ दशलक्षांश भागाएवढा. त्यामुळे यानातल्या संशयितांची चौकशी आपल्या नेहमीच्या पद्धतीनेच होईल, रात्री अकराला कोण कुठे होतं वगैरे. गोंधळ आहे तो यान आणि इंदूर यांच्यात, कारण मधलं अंतर प्रचंड आहे.

आता गुप्तहेराने करायचं काय? त्याने 'त्या वेळी तू कुठे होतास' हा प्रश्न टाकून द्यावा आणि दोनच तारखा काढाव्यात.

पहिली तारीख: इंदूरहून निघालेला निरोप खुनाच्या क्षणाआधी यानात पोहोचायचा तर तो उशिरात उशिरा केव्हा सुटायला हवा? पृथ्वीच्या हिशेबाने खून २० महिने झाल्यावर आणि यान तेव्हा १६ प्रकाशमहिने दूर, म्हणजे प्रकाशाला तिथवर जायला १६ महिने लागतील इतकं. वीस वजा सोळा, चार. म्हणजे पहिल्या वर्षाचा १ मे. दुसरी तारीख: खुनाची बातमी इंदूरला लवकरात लवकर केव्हा येईल? वीस अधिक सोळा, छत्तीस महिने. चौथ्या वर्षाची १ जानेवारी.

या दोन तारखांबद्दल कोणाचाच वाद नाही. यानातला माणूस आपल्या हिशेबाने मोजो, पृथ्वीवरचा आपल्या हिशेबाने, किंवा तिसऱ्याच यानातून कोणी उलट दिशेने जाता जाता पाहो. १ मेनंतर इंदूरहून सुटलेला कोणताही निरोप, कोणताही हुकूम, कोणताही स्फोटाचा इशारा खुनाआधी काकांपर्यंत पोहोचू शकत नाही, हे सगळ्यांना मान्य करावंच लागतं. प्रकाशाला एका घटनेपासून दुसरीपर्यंत जायला सवड असेल तर आधी कोणती आणि नंतर कोणती हा क्रम कोणासाठीच बदलत नाही. सवड नसेल तरच क्रम पाहणाऱ्यावर अवलंबून राहतो, पण तिथे एका घटनेने दुसरी घडवणं मुळात शक्यच नसतं. कार्यकारणाची साखळी सापेक्षतेत तसूभरही सैल होत नाही, आणि मला या सिद्धांतातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

पुतण्याची खजराना मंदिरातली १ जानेवारी आता कुठे पडते ते पाहा. ती दुसऱ्या वर्षाची आहे, म्हणजे १ मे उलटून आठ महिने झालेले आणि बातमी यायला अजून दोन वर्षं. हा असा मधला काळ आहे की त्यात पुतण्या रांगेत असो, जेलमध्ये असो की सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खात असो, खुनाशी त्याचा संबंध असूच शकत नाही. ना त्याच्या बाजूने, ना विरुद्ध. चौकशी करायची ती पहिल्या वर्षाच्या १ जानेवारीपासून १ मेपर्यंतच्या चार महिन्यांची आणि यान सुटण्याआधीची. यानाकडे कोणते निरोप गेले? यानातल्या कोणाच्या खात्यात पैसे पडले? मृत्युपत्र कधी बदललं? पुतण्याने निर्दोषपणाचा पुरावा म्हणून नेमका १ जानेवारीचा दिवस इतका जपून का ठेवला, हेही मग विचारण्यासारखं आहे. यानाच्या कॅलेंडरवर काका कोणत्या दिवशी जाणार हे बातमी येण्याआधी त्याला ठाऊक असेल, तरच त्या दिवसाच्या पावत्या तो सांभाळून ठेवील. इथे भाची खुर्चीतून उठलीच. तिला खुनी सापडला होता.

यानातून आलेल्या निरोपांमध्येही पुरावा दडलेला असतो, आणि तो कथाकारांनी अजून फारसा वापरलेला नाही. दूर जाणाऱ्या स्रोताकडून येणाऱ्या लहरी ताणल्या जातात. ८० टक्के वेगाला हा ताण बरोबर तिप्पट होतो. यानातून निघालेला हिरवा प्रकाश पृथ्वीवर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त होऊन पोहोचतो. दहा मिनिटांचं बोलणं ऐकायला अर्धा तास लागतो, शब्द जाड आणि लांबलेले. यान परतीच्या वाटेवर असेल तर उलट, तिप्पट घाईत. हा ताण म्हणजे निरोपावर आपोआप उमटलेला टपालाचा शिक्का आहे: पाठवताना यान किती वेगात होतं ते त्यात लिहिलेलं असतं. वेग काढायला ताणाचा वर्ग घ्या, त्यातून एक वजा केल्यावर येतं त्याला, एक मिळवल्यावर येतं त्याने भागा. तीनाचा वर्ग नऊ. आठला दहाने भागलं, ०.८. बसलं.

समजा यानातल्या डॉक्टरचा अहवाल पृथ्वीवर आला. वर तारीख दुसऱ्या वर्षातली, म्हणजे प्रवासाच्या मधल्या, पूर्ण वेगाच्या टप्प्यातली. पण लहरी तिप्पट ताणलेल्या नाहीत, दुप्पटच आहेत. दोनाचा वर्ग चार. तीनला पाचाने भागलं, ०.६. अहवाल पाठवताना यान ६० टक्के वेगावर आलेलं होतं, म्हणजे मुक्काम जवळ आल्यावर वेग कमी करायला सुरुवात झालेली होती. अहवाल मागाहून लिहिला आणि तारीख मागची टाकली. डॉक्टर हुशार असेल तर प्रक्षेपक मुद्दाम बदलून ताण तिप्पट दाखवील. तरी पोहोचण्याचा दिवस त्याला लपवता येणार नाही: यानात दोन वर्षं झाल्यावर खरंच सुटलेला निरोप पृथ्वीवर सहाव्या वर्षाच्या शेवटी यायला हवा, आणि उशिरा सुटलेला उशिराच येणार. मग तो म्हणेल, अँटेना नादुरुस्त होती. गुप्तहेराने तिच्या दुरुस्तीची नोंद मागावी.

खोलीतला पंचनामा हा वेगळाच विषय आहे, आणि त्यात मला भाचीच्या पहिल्या मसुद्यातल्या बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागल्या. इंजिन बंद करून यान नुसतं तरंगत चाललं असेल तर आत वजन नसतं. रक्त खाली सांडत नाही; त्याचे गोळे होऊन ते हवेत फिरतात आणि भिंतीला लागले की चिकटून पसरतात, शेवटी हवा खेळवणाऱ्या पंख्याच्या जाळीकडे ओढले जातात. त्यामुळे डागांवरून माणूस कुठे उभा होता ते काढणं पोलिसांच्या सरावातलं राहत नाही. मृत्यूनंतर पृथ्वीवर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं, तिथली कातडी जांभळट होते आणि आठ-बारा तासांत तो रंग पक्का होतो. वजनरहित खोलीत हे उतरणं होतच नाही. आता काकांच्या पाठीवर जांभळा पट्टा दिसला तर? मृत्यूच्या सुमाराला इंजिन चालू होतं, किंवा मृतदेह यानाच्या एखाद्या फिरत्या भागात काही तास पडून होता आणि मग खोलीत आणून ठेवला. इंजिनाची नोंद सांगते की महिनाभर ते बंद आहे. मग देह हलवला गेला हे सिद्ध. अंग थंड होण्याच्या वेळेवरून मृत्यूची वेळ काढतात त्यातही सावध राहावं लागेल, कारण वजन नसलं की गरम हवा वर जात नाही. पंखा बंद असेल तर देहाभोवती ऊबेचं आवरण तसंच राहतं आणि तो हळू थंड होतो. कोणी पंखा मुद्दाम बंद केला असेल तर मृत्यूची वेळ काही तासांनी अलीकडची वाटेल. भाचीने हे लगेच उचललं.

हत्याराचं काय? "बाहेर फेकून देईल, संपलं," असं तिने लिहिलं होतं. पण इंजिन बंद असताना बाहेर फेकलेली वस्तू मागे पडत नाही. तिला आधीपासून यानाचाच वेग असतो आणि थांबवायला बाहेर काही नसतं. सेकंदाला २ मीटर वेगाने भिरकावलेला चाकू वर्षभराने यानापासून सुमारे ६३ हजार किलोमीटरवर असेल, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या एक षष्ठांश, आणि अजून त्याच ताऱ्याकडे निघालेला. पुढे यान वेग कमी करायला लागेल. चाकू करणार नाही. पाव किलोच्या चाकूत त्या वेगाला जी ऊर्जा साठलेली असते ती हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या दोनशे पटींहून जास्त. तो यानाच्या आधी मुक्कामी पोहोचेल. एका माणसाचा खून लपवण्यासाठी फेकलेली वस्तू वाटेत एखाद्या वस्तीवर आदळली तर काय होईल, हा माझ्या मते आख्ख्या कादंबरीचा ऐवज आहे, आणि मी तिला तो राखून ठेवायला सांगितलं.

प्रकाशापेक्षा वेगाने जाण्याची सोय कथेत ठेवावी का, असा प्रश्न हमखास येतो. विज्ञानकथेत ठेवायला हरकत नाही, रहस्यकथेत मात्र मी तरी विरोध करीन. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जाऊ लागला की वर सांगितलेली सवडीची अट मोडते. मग असा कोणीतरी प्रवासी निघतोच, ज्याच्या हिशेबाने काका आधी मेले आणि खुनाचा हुकूम नंतर सुटला. दोन यानांमधून असे निरोप फिरवले तर खून होण्याआधीच त्याची बातमी पोहोचवता येते. वाचकाने ज्या क्रमावर विसंबून सुगावे जोडायचे तो क्रमच गेला. ठेवायचीच असेल ही सोय, तर तिचे नियम पहिल्या चार पानांत वाचकाला सांगा आणि शेवटपर्यंत पाळा.

राहिला कायदा. १९६७ च्या अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार यान ज्या देशाच्या नोंदवहीत आहे त्याचा अधिकार यानावर आणि त्यातल्या माणसांवर चालतो. भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात आहे की भारतीय नागरिकाने भारताबाहेर कुठेही केलेल्या गुन्ह्याला ती लागू होते. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा आपला फौजदारी कायदा त्यांच्यासोबत वर होताच. तेव्हा यान भारताचं असेल आणि खुनी इंदूरचा, तर खटला कुठल्या कायद्याखाली चालेल यात शंका नाही. अडचण वेळेची आहे. खुनाची बातमी इंदूरला आली तेव्हा यान जाऊन तीन वर्षं झालेली होती. त्याच दिवशी न्यायालयाने डॉक्टरच्या अटकेचा आदेश पाठवला तरी यानाला गाठायला त्याला प्रॉक्झिमापर्यंत जावं लागेल, ४.२४ वर्षं. यान तिथे पोहोचून तोवर जवळजवळ दोन वर्षं झालेली असतील. अटक, जबानी, पुरावा राखणं, हे सगळं यानातल्याच कोणाला तरी आधीपासून दिलेल्या अधिकारावर करावं लागेल, आणि कथेत तो अधिकारी कोण हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वयाचा आणि शिक्षेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. यानावर निघाला तेव्हा १६ वर्षांचा असलेला मुलगा यानाच्या घड्याळाने एका वर्षाने १७ चा होतो. इंदूरच्या जन्मदाखल्यावरून पृथ्वीच्या हिशेबाने त्याच दिवशी तो साडेसतरा उलटून गेलेला असतो, आणि प्रवास आणखी थोडा लांबला की एका हिशेबाने सज्ञान, दुसऱ्याने अल्पवयीन. भौतिकशास्त्राचं उत्तर एकच आहे: शरीराचं वय त्याच्यासोबत प्रवास केलेल्या घड्याळाने मोजायचं, कारण मेंदू आणि हाडं त्याच घड्याळाने वाढली. शिक्षेलाही हाच न्याय लावावा असं माझं मत आहे. दहा वर्षांची कैद म्हणजे कैद्याने स्वतः जगलेली दहा वर्षं. भाचीला ते पटलेलं नाही. ती म्हणते, ज्या घरातलं माणूस गेलं त्यांनी इंदूरमध्ये काढलेली वर्षंही कुठेतरी मोजली गेली पाहिजेत, आणि तिच्या कथेतल्या न्यायाधीश बाईंनी त्याच बाजूने निकाल दिला आहे.